रिकामं पाऊल

“आई गं!”

क्लासमधल्या नव्या माणसाने मागे येता येता थेट तिच्या पावलावर पाय दिला होता, तोही अगदी ऐटीत.

“सॉरी, सॉरी! फार लागलं?”

“बहात्तर किलो तरी असेल...” पाय चोळत ती म्हणाली.

तो चकित झाला. “बरोब्बर बहात्तर! कसं कळलं?”

“वजनं करणं माझं कामच आहे. प्रयोगशाळेत.”

“मी दाताचा डॉक्टर. वाकून वाकून खांदे आखडलेत. दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडतात, पण बोलत कुणीच नाही. म्हटलं, ताय ची तरी शिकावं.”

तिला हसू आलं. तेवढ्यात शिकवणारी मावशी कडाडली, “गप्पा नंतर! मागे जाताना पाऊल आधी रिकामं टेकवायचं, चाचपायचं आणि मगच त्यावर वजन टाकायचं. कळलं का दातवाले?”

हा ताय चीचा, म्हणजे संथ चिनी व्यायामाचा, क्लास तिच्या सख्ख्या मावशीचा. तरणतलावाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. सकाळी खालच्या पाण्याचा उजेड छतावर थरथरत असे आणि हवेत क्लोरीनचा वास असे. मावशी भाचीला जराही सवलत देत नसे. “खांदे सोड! हात कमरेपासून फिरू दे! आणि खांबासारखी दोन्ही पायांवर काय उभी राहतेस? अर्धं वजन इकडे, अर्धं तिकडे, म्हणजे हलायची सोयच नाही. एका पायाला सगळं दे, दुसरा आपोआप मोकळा होतो.”

हे मात्र तिला जमत नसे. कामाची सवय अंगात मुरली होती. तिचा तराजू काचेच्या पेटीत असे, श्वास लागला तरी आकडा हलायचा. तो स्थिर होईपर्यंत ती थांबायची. घरीदारीही तसंच. मनातलं काही बोलायचं तर आधी ते स्थिर व्हायला हवं... आणि ते कधी व्हायचंच नाही.

जोडीच्या सरावाला मावशीने दोघांना समोरासमोर उभं केलं. “जिचा पाय तुडवलात, तिच्याकडूनच शिका!” मनगटाला मनगट लावायचं, ढकलायचं नाही, ओढायचं नाही, सोडायचंही नाही. समोरच्याच्या मनात काय आहे ते कातडीने ऐकायचं.

“आता डावीकडे नेणार आहेस,” ती डोळे मिटून सांगायची.

“अरे, मी अजून ठरवलंही नाही!”

“तुझ्या कोपराने ठरवलंय.”

पहिल्याच आठवड्यात ‘तुम्ही’ गळून पडलं होतं. हळूहळू त्याचे खांदे उतरले. तिच्या मनगटाला त्याच्या मनगटाची ऊब ओळखीची झाली. प्रयोगशाळेत चिमटा धरतानाही ती ऊब आठवायची आणि पेटीतला आकडा हलायचा.

एका सकाळी त्याची मनगटं जड लागली.

“काय झालं?”

“दादाने बोलावलंय. त्याच्या गावी त्याचा मोठा दवाखाना आहे. इथलं सगळं बंद करून कायमचं तिकडे जायचं. दुपारी उत्तर द्यायचंय. मला तिकडे करमेल असं वाटत नाही. पण नाही म्हणायला काहीतरी कारण हवं ना... तुला काय वाटतं?”

छतावरचा उजेड लपलपला. तिने दोन्ही पावलं घट्ट रोवली.

“चांगलीच संधी आहे,” ती नीटनेटक्या आवाजात म्हणाली. “जायला हवंस.”

“अच्छा...” त्याने डोळे मिटले. मग हळूच म्हणाला, “एक विचारू? तोंडाने तू मला जा म्हणतेस. मग तुझं मनगट मला ओढून का धरतंय?”

ती गोरीमोरी झाली. खरंच, तिचा हात त्याला स्वतःकडे खेचत होता! ढकलायचं नाही, ओढायचंही नाही. पहिलाच नियम मोडला होता, आणि तोही मावशीच्या डोळ्यांदेखत.

“भाचीबाई,” लांबून आवाज आला, “वजन कुठेय?”

वजन दोन्हीकडे होतं. अर्धं ‘जा’वर, अर्धं ‘थांब’वर. तिने श्वास सोडला. खांदे सोडले. आकडा स्थिर होण्याची वाट न पाहता सगळं वजन पुढच्या पायावर टाकलं. मागचं पाऊल रिकामं झालं, हलकं झालं, आपसूक पुढे आलं आणि मग सगळा भार त्यावर गेला. ती इतकी जवळ आली की त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागला.

“नको जाऊस,” ती म्हणाली. “माझ्यासाठी... थांब.”

त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की तिला खाली बघावं लागलं.

“दादाला नाही म्हणताना घाम फुटेल मला.”

“खांदे सैल सोड. कमरेपासून बोल.”

तो खो-खो हसला. मग कळवळून म्हणाला, “बाकी ठीक आहे गं, पण... तू माझ्या पायावर उभी आहेस.”

“सगळं वजन?”

“सगळं.”

“मग जमलं!” मावशी पलीकडून ओरडली.

तिने पाय मात्र लगेच काढला नाही.