उन्हातला कॉम्प्युटर

संगमनेरच्या ज्या दुकानात मला जायचं होतं, ते नेमकं बंद होतं. म्हणून शेजारच्या दुकानात शिरले... तर काउंटरमागचा तरुण मान वर न करताच म्हणाला, "ताई, झेरॉक्स समोरच्या गल्लीत."

"झेरॉक्स नको. लॅपटॉप बघायचाय."

आता त्याने मान वर केली. डोळे मिश्कील होते. मला राग आला होता म्हणून बरं, नाहीतर तिथेच घोटाळा झाला असता!

सत्त्याण्णव साल होतं. लॅपटॉप मागायचे ते साखर कारखान्याचे साहेब लोक. रबरी चप्पल घातलेली मुलगी कुठून मागणार? पण मी विजयमाला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली. आमच्या पुणतांब्याच्या मुलींना शिकायचं होतं, पण संध्याकाळच्या एसटीने परत यायचं म्हटलं की घरून नकार. मुली कॉम्प्युटरपर्यंत जात नाहीत, तर कॉम्प्युटर मुलींपर्यंत जाईल, असं मी घरी जाहीर करून बसले होते.

मच्छिंद्रने — हे त्याचं नाव, दुकानही त्याचंच — रंगीत पडद्याचा एक ऐटबाज लॅपटॉप पुढे ठेवला. मी तो उचलला आणि परत ठेवला.

"हा घेऊन गावोगाव हिंडले तर खांदा निखळेल माझा. तो कोपऱ्यातला दाखवा."

तो छोटासा होता, वापरलेला, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा. मला परवडणारा.

"त्याच्या पडद्याला आतून उजेडच न्हाई. डोळे फोडून घ्याल. अन् एसटीत दोन धक्के बसले की संपलाच."

"मग एसटीतच बघू या ना."

"मशीन दुकानाबाहेर जात न्हाई, मॅडम."

ताईची मॅडम झाले होते, ही प्रगतीच. मी म्हटलं, "मग तुम्हीही चला."

आणि तो आला! दुकान भावावर टाकून, मुकाट्याने. मागच्या बाकावर, जिथे हाडं खिळखिळी होतात, तिथे मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि टाइप करत राहिले. तो चोरून बघत होता... पडद्याकडे, आणि पडद्याकडे नाहीही.

"काय लिहिताय?"

"तुमचं नाव. धक्क्याने बिघडलं तर तुमचंच बिघडेल."

तो हसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. कान मात्र लाल झाले होते.

कंडक्टर आला. "ह्या टीव्हीचं लगेज काढलं का?"

"टीव्ही न्हाई, मामा. मॅडमचा कॉम्प्युटर हाय."

मी अजून घेतलाही नव्हता. पण 'मॅडमचा' हा शब्द त्याने असा ठसक्यात उच्चारला की मला उगाचच ताठ बसावंसं वाटलं.

शिर्डीच्या स्टँडवर गाडी थांबली. झेंडूचा वास आत आला. बॅटरी चालू होती, मशीन ठणठणीत. मच्छिंद्र हळूच म्हणाला, "रंगीतवालाच घेऊन जा. ह्याच किमतीत देतो."

"का? दया आली?" माझा पारा चढला.

"तसं न्हाई हो... मला —"

"मला परवडतो तोच मी घेणार, आणि त्याच्यावरच शिकवून दाखवणार. रविवारी या बघायला!"

रविवारी दुपारी समाजमंदिर भरलं. माझे वडील, रंगनाथ, आठवडाभर घरोघर सांगत फिरले होते, "माझी पोरगी शिकवनार हाय, पोरी धाडा." आज फसलं असतं तर त्या मुलींना कुणी पुन्हा पाठवलं नसतं, आणि वडिलांना मान खाली घालावी लागली असती. मी लॅपटॉप उघडला, मुली सरसावल्या... आणि लाइट गेली.

खिडक्यांत आयाबायांची गर्दी, त्यामुळे आत अंधार. पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. पुढे बसलेल्या दीपाची आई बनुबाई खिडकीतून म्हणाली, "झालं व्हय शिकून?"

तेवढ्यात गर्दीतून मच्छिंद्र पुढे आला. खांद्याच्या बॅगेत रंगीतवाला.

"घ्या... रागावू नका."

"ठेवा तो," मी म्हटलं. माझा लॅपटॉप उचलला आणि तडक अंगणात आले. लख्ख ऊन पडलं होतं. पायरीवर ठेवून पडदा जरा कलता केला, तर छापील पुस्तकासारखी काळीभोर अक्षरं! मुलींनी गलका केला. मच्छिंद्रनेही आपला रंगीत लॅपटॉप उन्हात उघडून बघितला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"माझंच तोंड."

"मग कशाला एवढं निरखून बघताय?"

दीपाने एकेक अक्षर शोधत आईचं नाव लिहिलं. बनुबाईने त्याच्यावरून बोट फिरवलं. "ह्ये मी?" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. वडील कडेला उभे होते. त्यांची ताठ मान बघून मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

मुली गेल्यावर मच्छिंद्र जवळ आला. "विजयमाला... किंमत कमी केली ती दया म्हनून न्हाई. तुमी आवडता मला. लई. शिर्डीतच सांगायचं हुतं, तुमी बोलू दिलं न्हाई."

मलाही तो आवडला होता. एसटीत बसल्यापासून. तसं सांगितलं, आणि लगेच पुढचंही सांगितलं, "पण मी दुकानात बसणार नाही. गावोगाव शिकवत फिरणार."

"फिरा की. आई म्हनंल, पोरगी बघायला कधी जायचं?"

"पोह्यांची बशी घेऊन मी समोर येणार नाही. बघायचं तर शिकवताना बघा."

सतरंजी घडी करता करता वडील खाकरले.

पुढच्या रविवारी मच्छिंद्रची आई, मालनबाई, खरंच आल्या. नवं लुगडं नेसून, अंगणात बायांच्या मागे बसल्या. मी शिकवत होते. मागे कुजबुज वाढली, बाया उठून उभ्या राहायला लागल्या. एवढ्यात मालनबाईंचा खणखणीत आवाज आला,

"ए बायांनो, खाली बसा की! माझी सून शिकवती, मला दिसंना."