पाच जणांचे एकशे सत्तावीस

"दीडशेपैकी एकशे सत्तावीस! पाच जणांना तेच. पेपर फुटला म्हणून चार वाजता पाचही जणांना कॉलेजातून काढणार. त्यात माझी भाची आहे."

डेटाबेस शिकवणाऱ्या बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. समोर वहिनी, खासगी तपासनीस. शेजारी त्यांचे दीर वही उघडून. दिरांचं अक्षर सुबक, निष्कर्ष मात्र हमखास हुकणारे.

"उघड कॉपी आहे, वहिनी," ते पुटपुटले.

"पाचही जण जवळजवळ बसले होते?"

"पाच वेगळ्या खोल्यांत," बाई म्हणाल्या.

"यांच्याहून जास्त गुण कोणाला?"

"कोणालाच नाहीत."

कॉलेजात कारकून वैतागलेलाच भेटला. "परीक्षकांनी दिलेला आकडा बघायचा, मशीनमध्ये टाकायचा, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला सील ठोकायचं. तीनशे आकडे कोण लक्षात ठेवतो? सील फोडायचा अधिकार फक्त प्राचार्यांना."

"मशीन कुठे अडलं?"

"छे! जुनं आहे, पण गुणी. काहीही द्या, मुकाट्यानं गिळतं."

भाची प्राचार्यांच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. डोळे सुजलेले, मान ताठ.

"दीडशेपैकी दीडशेचा पेपर लिहिलाय मी," ती म्हणाली. "पण मावशीनंसुद्धा विचारलं, पेपर कुठून मिळाला म्हणून."

बाईंच्या वर्गात फळ्यावर मशीनमध्ये संख्या साठवायचे तीन डबे काढलेले होते, प्रत्येकाखाली त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या. दीर दमून फळ्याला टेकले आणि छोट्या डब्याखालचा आकडा त्यांच्या सदऱ्याला लागला. सुरुवातीचा एक तेवढा उरला.

"संख्येच्या मापाचा डबा निवडा, हेच शिकवते मी," बाई म्हणाल्या. "वयाला, गुणांना सर्वांत छोटा. चिमूटभर मिठाला पिंप कशाला? मशीनमधला निकालाचा तक्ता मीच बनवलाय, दहा वर्षांपूर्वी. नमुना म्हणून दाखवते."

"तेव्हा पेपर किती गुणांचा होता?"

"शंभर. दीडशेचा यंदापासून."

वहिनींनी घड्याळ पाहिलं. चारला दहा कमी होते.

प्राचार्यांसमोर त्यांनी बाईंनाच उभं केलं. "तुमच्या छोट्या डब्यात जास्तीत जास्त किती मावतं? फळ्यावरचं माझ्या दिरांनी पुसलंय, तुम्ही सांगा."

"एकशे..." बाईंचा चेहरा उतरला. "एकशे सत्तावीस."

"शंभराच्या पेपराला तो डबा पुरला. यंदा दीडशेचा पेपर आला आणि डबा तोच राहिला. नवं मशीन ओरडलं असतं. हे जुनं मोठा आकडा मुकाट्यानं कापून आपल्या मर्यादेवर आणतं. म्हणून वर कोणीच नाही आणि हुशार पाचही जण एकाच पायरीवर. साहेब, सील फोडा."

प्राचार्यांनी गठ्ठा सोडला. एकशे एकोणतीस, एकशे एकतीस, एकशे अडतीस, एकशे चव्वेचाळीस. भाचीचे एकशे शेहेचाळीस.

"हा आकडा मी रोज फळ्यावर लिहिते," बाई म्हणाल्या. "मला कसा दिसला नाही?"

"आकड्याआधी तुम्ही चोरी हा शब्द ऐकलात," वहिनी म्हणाल्या.

दिरांनी वहीतलं 'उघड कॉपी' गुपचूप खोडलं.

बाई बाहेर आल्या आणि बाकावर भाचीला चिकटून बसल्या. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटत होती.

"चूक माझ्या तक्त्याची होती. आणि मी तुला चोर ठरवलं. माफ कर मला."

भाचीनं मान वळवून मावशीकडे पाहिलं.

"खरे किती मिळाले?"

"एकशे शेहेचाळीस."

"आणि माझे चार कुठे गेले?" असं म्हणून तिनं मावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मग ती पोटभर रडली.