हिरव्या फोटोतला दिवा

बोर्निओतल्या किनाबातांगन नदीकाठी राहून खासगी तपास करणाऱ्या सरिमाबाईंच्या ओट्यावर अस्मत म्हातारा बसून होता. पुढ्यातला चहा गार झालेला.

“घरटी काढायला बंदी असते त्या दिवसांत गुहेतली पाखरांची घरटी चोरीला गेली, बाई. तीच ती, खायला चांदीच्या भावाने विकली जाणारी. पुतण्या म्हणतो, मीच काढली. फोटो आहे म्हणे.” आवाज सपाट होता. “संध्याकाळी गावाने मला चोर ठरवलं, की गुहेचा पिढीजात हक्क त्याच्याकडे जाणार. मला काहीच वाटेनासं झालंय.”

बाई अस्मतला घेऊन पुतण्याच्या घरी गेल्या. पुतण्या जमरीनने बाईंना फोटो लगेच दाखवला. सगळं हिरवं. वेताच्या शिडीवर अस्मत, कपाळावर पेटता दिवा, चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती स्पष्ट.

“परवा अमावास्येला काढला. कॅमेऱ्याला रात्री बघायची नळी लावून.”

“खरं की काय!” बाईंचा मदतनीस दुल्ला हरखला. “मला बघू दे की!”

जमरीनने कोठीची दारं-खिडक्या लावून घेतली. दुल्लाला नळीतून अंधारात पोती दिसली, मांजर दिसलं. एवढ्यात अस्मतने सवयीने विडी पेटवली.

“अरे, गेलं सगळं! नुसता पांढरा गोळा!”

“काका, काडी विझवा!” जमरीन खेकसला. “उजेड समोर आला की नळी आंधळी होते. एवढंही कळत नाही?”

बाईंनी मग गुहेच्या राखणदाराला गाठलं. “परवा आत कोण गेलं होतं?”

“मी तर फक्त जमरीनला सोडलं. फोटो काढायचेत म्हणाला. पाठीवर मोठी झोळी होती.”

संध्याकाळी गावप्रमुखासमोर बाईंनी फोटो ठेवला.

“जमरीन, काडीने आंधळी होणारी नळी कपाळावरच्या दिव्याने कशी नाही झाली?”

बाईंनी फोटो गावप्रमुखाकडे सरकवला.

“कारण हा फोटो नळीतून काढलेलाच नाही. साध्या कॅमेऱ्याने काढून मागाहून हिरवा केलाय. काका दिवा लावून राजरोस चढतात ते घरटी काढायच्या हंगामात, फोटो तेव्हाचा. आणि परवा झोळी घेऊन आत गेलास तो तू एकटा.”

“आणि मी मांजर बघत बसलो!” दुल्ला पुटपुटला.

“मग काय करणार होतो?” जमरीन ओरडला. “हक्क मला कधी मिळायचा? म्हातारपणी?”

अस्मतने पहिल्यांदाच फोटो हातात घेऊन पाहिला.

“हा मीच काढायला सांगितला होता तुला,” तो म्हणाला. “गुडघे गेलेत, ही शेवटची चढाई, म्हणून. पुढच्या हंगामाला हक्क तुलाच देणार होतो.”