क्लॅरिनेटच्या तोंडातला कापूस

इंदिरानगरात जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या गल्लीत, एका बंगल्याच्या गच्चीवर धनराजचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचं म्हणून म्हणायचं. दोन खोल्या, मधे जाड काच, आणि गाणाऱ्याच्या खोलीला आतून गोधड्या ठोकलेल्या. वणीच्या देवीची गाणी, रिक्षावरून ओरडणारे निवडणुकीचे प्रचार, एखाद्या बुवांचा हरिपाठ, असलं सगळं तिथं रेकॉर्ड व्हायचं. अशा ठिकाणी साठीला टेकलेली एक बाई जानेवारीतल्या एका दुपारी जिना चढून आली आणि म्हणाली, मला शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन जॅझ गाणी गायची आहेत. धनराजनं आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या काळ्या पेटीकडे.

"पेटीत काय आहे, ताई?"

"आमच्या ह्यांचं क्लॅरिनेट. वाजवायचं नाहीये. नुसतं माझ्याजवळ राहू दे."

मोहिनी गायकवाड तिचं नाव. शरणपूरच्या चर्चमध्ये परकराच्या वयापासून गायलेली. आणि तिचे हे, म्हणजे जयराम, पंचवटीतल्या लग्नाच्या बँडमधला. दिवसा वरातीत घोड्यापुढे वाजवायचा आणि शनिवारी देवळाली कॅम्पातल्या क्लबात जॅझ. तिथं एका शनिवारी ठरलेली गायिका आली नाही, म्हणून मोहिनीला उभं केलं. झालं! तिच्या वडिलांनी आकाशपाताळ एक केलं, त्याच्या आईनं चार दिवस अन्नाला हात लावला नाही, पण व्हायचं ते लग्न झालंच. चौतीस वर्षं टिकलं. त्यातली निम्मी भांडणात गेली असं ती सांगायची, पण सांगताना हसायची.

प्रत्येक गाण्यात त्याची एक जागा असायची. ती दोन कडवी गायची, मग एका कडव्याएवढं तो वाजवायचा, मग शेवटचं कडवं तिचं. क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. ती ओली असल्याशिवाय सूर धरत नाही. मोहिनी गात असायची तेव्हा हा बाजूला उभा राहून रीड तोंडात धरून भिजवत बसायचा. आणि त्याची जागा आली की असा काही श्वास घ्यायचा की पुढच्या रांगेतली माणसं हसायची. "फुंकणाऱ्याचा श्वास आहे, चोराचा नाही," तो म्हणायचा. वाजवून झालं की वाद्य तिच्या हातात. रुमालानं रीड पुसायचं काम चौतीस वर्षं तिचं.

मग त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. शेवटच्या आठवड्यात तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणायचा, "आत जातोय गं. बाहेर येत नाही." त्या शनिवारी देवळालीला तिचा कार्यक्रम होता. ती नको म्हणत होती, त्यानंच हट्ट धरला. "जा. मी काय पळून चाललोय?" ती गेली. आठ वाजता दवाखान्यात परत आली तेव्हा खाट रिकामी होती. पावणेसातला गेला होता. आशा सिस्टर म्हणून एक मुलगी होती, तिनं रडत सांगितलं, "काकू, मोठा श्वास घेतला हो काकांनी, छाती भरून. आम्ही वाट बघत राहिलो. सोडलेला दिसलाच नाही."

ते वाक्य मोहिनीच्या काळजात रुतून बसलं. चौतीस वर्षं ज्याच्या श्वासावर ती गात आली, त्याचा शेवटचा श्वास तिच्या वाट्याला आला नाही. कुणासाठी गात होती ती त्या वेळी? कॅम्पातल्या चाळीस लोकांसाठी.

जयरामचा थोरला भाऊ सावळीराम, बँड तोच चालवायचा. मातीहून आल्यावर त्यानं क्लॅरिनेटचं तोंड उपसलं, आतल्या पोकळीत कापसाचा बोळा घट्ट कोंबला आणि तोंड परत जागेवर बसवलं. मोहिनीला वाटलं, धूळ जाऊ नये म्हणून असेल. तिनं पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

चौदा महिने तिनं तोंडातून सूर काढला नाही. मग एक दिवस तिच्या मनानं घेतलं, आपली दहा गाणी जयरामसाठी रेकॉर्ड करायची. पियानो आणि बास मुंबईच्या दोघांनी वाजवून पाठवले. क्लॅरिनेटसाठीही त्यांनी माणूस सुचवला, तशी ती उसळली. "त्याच्या जागेत कुणी फुंकायचं नाही. ती जागा रिकामी राहील."

पहिलं गाणं पहिल्या दुपारी झालं. धनराज हेडफोन लावून ऐकत होता. मधल्या रिकाम्या जागेत, पियानो हळू चालू असताना, एक श्वास आला. चांगला मोठा. दमली असेल बाई, असं म्हणून त्यानं तेवढा तुकडा कापून टाकला. हे त्याचं रोजचंच काम. बुवांचे खोकले, भजनी मंडळाच्या बांगड्या, सगळं तो कापायचा.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर श्वास होता तिथंच.

सेव्ह करायला विसरलो, असं म्हणून त्यानं पुन्हा कापला. दुसऱ्या गाण्यातही तसाच श्वास आला, तिसऱ्यातही. चौथ्या गाण्याला त्यानं भीत भीत विचारलं, "ताई, मधे श्वास जरा हळू घेता येईल का?"

"मी मधे श्वास घेतच नाही. मी तेव्हा त्याला ऐकत असते."

पाचव्याला तिनं मधल्या जागेत दोन्ही हातांनी नाकतोंड गच्च दाबून धरलं. धनराज काचेतून डोळे फाडून बघत होता. त्याच्या कानात श्वास आलाच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याचा छोटा डोंगर उमटलेलाही दिसला.

धनराज सायखेड्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणारा. त्यानं तारा बदलल्या, माईक बदलला, गच्चीवरची पाण्याची मोटार बंद करून बघितली. मग मोहिनीला आपल्या बाजूला बसवलं, गाणाऱ्याच्या खोलीत फक्त माईक आणि खुर्चीवरची ती पेटी ठेवली, दार लावलं आणि गाणं फक्त दोघांच्या हेडफोनमध्ये सोडलं. मधली जागा आली.

रिकाम्या खोलीत कुणीतरी छाती भरून श्वास घेतला.

मोहिनीनं दोन्ही हातांनी टेबल धरलं. ओळखायला काय लागतं? तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि तोंडावर मात्र हसू होतं. असं हसू धनराजनं कुणाच्या तोंडावर बघितलं नव्हतं.

"कापू नकोस रे बाबा," ती म्हणाली. "हात जोडते तुझ्यापुढे. एकही कापू नकोस."

त्यानंतर ती रोज वेळेआधी यायची. केसांत अबोली माळून यायची, जयरामला आवडायची म्हणून. सहावं गाणं झालं, सातवं झालं, आठवं झालं. गाऊन झालं की काचेशी बसून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायची. शेजारणी म्हणायला लागल्या, मोहिनीबाई सुधारल्या हो! धनराज मात्र धास्तावत चालला होता. नववं गाणं झालं त्या दिवशी त्यानं मनाचा हिय्या केला.

"ताई, दोन गोष्टी सांगू? रागावू नका."

"सांग."

"पहिल्या गाण्यातला श्वास दीड सेकंदाचा होता. आजचा साडेचार सेकंदांचा आहे. वाढत चाललाय." तो थांबला. "आणि दुसरं, नऊच्या नऊ श्वास आत घेतलेले आहेत. सोडलेला एकही नाही. किती घेणार हो माणूस?"

मोहिनीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती उठली, पेटी उचलली आणि जिना उतरली.

ती तडक पंचवटीत सावळीरामकडे गेली. वर्षश्राद्धाला वाद्यावरून बोलाबोली झाल्यापासून ती त्या घरी गेली नव्हती. सावळीराम ओट्यावर ढोलाची दोरी ताणत बसला होता. वय पंच्याहत्तर, पण हातात जोर.

"दादा, तुम्ही ह्यांच्या क्लॅरिनेटमध्ये कापूस का घातला होता?"

त्यानं दोरी खाली ठेवली. "अजून काढला नाय का तू?"

"मला कुणी सांगितलं?"

"दोनदा निरोप धाडला तुला. वाद्य घेऊन ये म्हनून."

"मला वाटलं तुम्ही ते बँडला मागताय. दुसऱ्या कुणाचं तोंड लागलेलं मला चाललं नसतं, दादा."

"आगं येडे, मागायला नव्हतो बोलवत, मोकळं करायला बोलवत होतो!" म्हातारा कळवळला. "आमच्या घराची रीत हाय. फुंकनारा गेला का त्याच्या वाद्याला कापूस द्यायचा. वरीस झालं का घरच्या मान्सानं काढायचा, अन् वाद्य उघडं ठेवायचं. आमच्या आज्याचं केलं, बापाचं केलं."

"आणि नाही काढला तर?"

सावळीरामनं दोरी पुन्हा हातात घेतली.

"आजवर कुनी ठेवलाच नाय. मला काय ठावं?"

घरी येऊन मोहिनीनं पेटी मांडीवर घेतली. किल्ली हातात धरली आणि तशीच बसून राहिली. बोळा काढला आणि तो गेला तर? नऊ श्वास होते तिच्याकडे. चौदा महिन्यांनी एवढंच परत मिळालं होतं. तिला तो हवा होता. अडकलेला का होईना, पण हवा होता. दहावं गाणं गायचंच नाही, असं तिनं ठरवलंही. मग आपोआप तिची स्वतःची छाती भरून आली, आणि तिनं श्वास रोखून बघितला. घड्याळाकडे बघत रोखून धरला. कानात गरगरायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत सुऱ्या चालल्या. मिनिटभरसुद्धा तिच्यानं धरवला नाही.

"आत जातोय गं. बाहेर येत नाही."

ती ओक्साबोक्शी रडली. मग तिनं कुलूप उघडलं.

बोळा पिवळा पडला होता, कोरडा ठणठणीत. रीड वाळून टोकाला चिरली होती. तिनं ती हळूच चाचपून बघितली, काडीसारखी कडक होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं क्लॅरिनेट जोडून खुर्चीवर उभं टेकवून ठेवलं. आज पेटी नव्हती, कापूस नव्हता. धनराजनं काचेपलीकडून हात वर केला. दहावं गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं ती सरळ गायली. दुसऱ्यात आवाज थोडा हलला, तो तिनं सावरला.

मधली जागा आली.

श्वास आला. आत, आणखी आत. पाच सेकंद झाले. आठ झाले. धनराजनं हेडफोन एका कानावरून काढला आणि लगेच परत लावला. पियानो चालत होता. श्वास संपत नव्हता.

मग तो थांबला. भरलेला. कुणीतरी आता फुंकणार, अशी ती शांतता.

काहीच आलं नाही.

मोहिनीनं खुर्चीकडे तोंड केलं. गाण्याच्या मधे बोलायचं नसतं हे तिला चौतीस वर्षं ठाऊक होतं, तरी ती बोलली.

"सोड रे, जयराम. मी आहे ना इथं. या खेपेला मी इथंच आहे. सोड."

आणि त्यानं सोडला.

सूर नव्हता त्यात. नुसता श्वास, लांब, थरथरत बाहेर पडणारा. स्टँडवरचा गाण्याचा कागद उचलला गेला. तिच्या केसांतल्या अबोलीचं एक फूल सुटून खाली पडलं. श्वास बारीक होत गेला, आणखी बारीक, आणि मग नव्हता.

तिचं कडवं आलं. ती वेळेवर माईककडे वळली आणि शेवटपर्यंत गायली. गाताना ती रडत होती, पण सूर कुठेही सुटला नाही.

धनराजनं सगळं परत लावून बघितलं. मधल्या जागेत तिचा आवाज होता, सोड रे जयराम, मी आहे ना इथं. त्याच्यापुढे पियानो आणि बास. बाकी काही नव्हतं. त्यानं पहिलं गाणं उघडलं, दुसरं उघडलं, नऊच्या नऊ उघडली. मधल्या जागा स्वच्छ होत्या.

"ताई, मी काही कापलं नाही," तो रडवेला होऊन म्हणाला. "आईची शपथ."

"माहीत आहे रे," मोहिनी म्हणाली. "तू कशाला कापशील? गेला तो."

ती आवरायला आत गेली. खाली पडलेलं फूल उचललं, कागदाची घडी घातली. क्लॅरिनेट हातात घेतलं आणि जुन्या सवयीनं, काही मनात नसताना, पर्समधून रुमाल काढून रीड पुसायला गेली. रुमालाला डाग पडला.

रीड ओलीचिंब होती. टोकाशी एक थेंब लोंबत होता.

काचेपलीकडे धनराज पाठमोरा होता. मोहिनीनं क्लॅरिनेट उचललं आणि ते तोंड आपल्या ओठांना लावलं.

कोमट होतं.