पाठमोरा उल्हास

काम साधं होतं. उल्हासच्या फ्लॅटवर जायचं आणि त्याच्या मोठ्या भावाला सामान बांधायला मदत करायची, बस. हाफ डे टाकला आणि भरदुपारी परक्या देशातल्या या शहराच्या बुकित पंजांग भागात पोचलो. उल्हास चिपळूणचा, मरीन इंजिनिअर. जहाजावरच हार्ट अ‍ॅटॅकने गेला. त्याच्या अस्थींचा कलश हॉलमध्ये टीपॉयवर होता आणि शेजारी हेमचंद्रदादा नाकाला रुमाल लावून बसले होते.

"कसला रे हा वास, क्षितिज?"

घोड्याचा. चामडं, घाम, लीद. उल्हासच्या काउबॉय बुटांना तो कायमचा चिकटला होता. मलाही कधी आवडला नाही, खोटं कशाला बोलू!

बूट दिले होते डेलने. डेल अमेरिकेतला, वायोमिंगमध्ये गुराढोरांत वाढलेला, आता साठीला आलेला. तो आणि उल्हास या घरात नवरा-बायकोसारखे राहिले, म्हणजे नवरा-नवऱ्यासारखे. शनिवारी टेबल भिंतीला सरकवून आम्हा गे मित्रांना दोघं टू-स्टेप शिकवायचे. त्या नाचात दोन पावलं झटपट, दोन सावकाश; एकजण समोर बघत नेतो आणि दुसरा पाठमोरा चालतो. उल्हास नेहमी पाठमोरा. "समोर डेल दिसतोय ना, मग रस्ता कशाला बघू?" म्हणायचा, मेला!

डेल दाराशी उभा होता, हॅट हातात धरून. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा.

"मला फक्त बूट हवेत," तो मला इंग्रजीत म्हणाला. "आमचा गे काउबॉय लोकांचा रोडिओ भरतो, घोडेस्वारीच्या खेळांचा मेळा. त्या वर्षी जो गेला, त्याच्या नावाने एक घोडा स्वाराविना फिरवतात. रिकिबीत त्याचे बूट अडकवतात. सगळं मैदान हॅट काढून उभं राहतं. एड्सच्या काळात कितीतरी पोरांना घरच्यांनी हातसुद्धा लावला नाही. त्यांना तेवढाच निरोप मिळाला."

दादा बँकेत मॅनेजर होते, इंग्रजी त्यांना माझ्याहून बरं येतं. पण डेलशी ते थेट बोलले नाहीत.

"त्याला म्हणावं, आमचा भाऊ असल्यांतला नव्हता. एका भाड्याच्या घरात राहत होते, एवढंच. शी!"

मग ते उठले. ओट्यावरची सांडशी घेतली. याच सांडशीने उल्हास आम्हाला चहा उतरवून द्यायचा. मेलेला उंदीर धरावा तसा त्यांनी सांडशीत एकेक बूट धरला. स्वयंपाकघराच्या भिंतीत, कचरा थेट तळमजल्यावर टाकायच्या नळाचं लोखंडी झाकण होतं. ते ओढून त्यांनी बूट आत ढकलले. खाली, खोल कुठेतरी, दोनदा धप्प झालं. त्यांनी साबणाने तीनतीनदा हात धुतले. मला किळस आली. बुटांची नव्हे, त्या माणसाची.

डेलने हातातली हॅट खुर्चीवर ठेवली.

बाहेरून एलआरटीची ट्रेन गेली. तिचा आवाज विरला, आणि नळातून आला... टक-टक. मग सावकाश, टक... टक.

"पाइपात काहीतरी अडकलं असेल," दादा म्हणाले.

टक-टक... टक... टक. आवाज वर येत होता. त्याच्याआधी वास आला. नासका भात, माशाची आतडी, कुजलेलं डुरियनचं फळ. झाकणाच्या फटीतून झुरळं भळाभळा बाहेर पडली आणि दादांच्या पायांवरून पळाली. मग झाकण आपोआप उघडलं. आत अंधाराशिवाय काही नव्हतं.

पण फरशीवर काळपट, चिकट ठसे उमटत होते. टोकदार पुढा, मागे टाचेचा ठिपका. टोकं झाकणाकडे, आणि ठसे मात्र झाकणापासून दूर चाललेले.

"उ... उलटे पाय..." दादा पुटपुटले. "क्षितिज, भुताचे..."

डेल पुढे झाला, झाकणाकडे पाठ करून. डावा हात हवेत धरला, उजवा कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा टेकवला, आणि चालू लागला. त्याच्यापुढे ठसे मागे मागे सरकत गेले. हॉलला वळसा पडला. म्हातारा रडत होता आणि हसतही होता. टीपॉयपाशी, दादांच्या अगदी जवळ, ठसे थांबले.

डेलचा हात खाली आला.

"हात सोडला त्याने माझा," तो हळूच म्हणाला. "असा कधी सोडत नाही."

दादा तिथेच ओकले आणि कलश छातीशी धरून पळाले. आम्ही तळमजल्यावरचं कचऱ्याचं पिंप उपसलं, नखांत घाण जाईपर्यंत. बूट नव्हते. पुढे वायोमिंगला डेलने घोडा फिरवला तो रिकाम्या रिकिबींचा.

परवा दादांच्या बायकोचा, सुचित्रावहिनींचा, चिपळूणहून फोन आला.

"क्षितिजभाऊ, अंगणात बुटांचे काळे ठसे उमटतायत हो. आधी फाटकाशी होते, मग तुळशीपाशी, आज ओसरीवर. पण टोकं फाटकाकडेच आहेत हं. म्हणजे उल्हासभावजी निघालेच म्हणायचे ना?"

मला पाठमोरा उल्हास आठवला. "दादा कुठेत?"

"आत पडलेत, ताप आहे." मग फोनवर हुंगल्याचा आवाज आला. "ठेवते हं फोन. माजघरात काहीतरी कुजलंय वाटतं."