सवय क्रमांक एकेचाळीस

चाकणच्या प्रयोगशाळेत पडद्यावर एक पाय दिसत होता. उजवा पाय, झिजलेली कोल्हापुरी, अंगठ्याला जुनी चिंधी. पाय इतका हळू खाली जात होता, की डॉ. जहागीरदारांनी दोनदा चष्मा पुसला.

"व्हिडिओ अडकलाय का?"

"नाही सर," शर्वरी दीक्षित म्हणाली. "दौलत सपकाळ ॲक्सिलरेटर दाबतायत. ते म्हणायचे, पेडलवर भाजलेला पापड ठेवलाय, तो मोडला नाही पाहिजे."

हा दौलत सपकाळ म्हणजे कराड-चिपळूण रस्त्यावरचा पिकअपवाला. खाली जाताना भाजी, वर येताना मासळी. त्याच घाटात, तेवढ्याच मालावर बाकीच्यांच्या गाड्या लिटरला चौदा किलोमीटर द्यायच्या. दौलतची एकोणीस द्यायची. लोकांना वाटायचं, हा टाकीत काहीतरी मंतरून टाकतो. मंत्रबिंत्र काही नव्हतं. रोज सकाळी टायरची हवा बघायची. माल खाली, पुढे सरकवून रचायचा आणि ताडपत्री ढोलासारखी ताणायची, म्हणजे वारा भरत नाही. पुढची बस ब्रेक मारणार हे तिच्या ड्रायव्हरच्या आधी ओळखून पाय उचलायचा. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवायची. बिडीला थांबलं की इंजिन बंद.

दीड वर्षापूर्वी दौलत काविळीनं गेला. पण शेवटची नऊ वर्षं त्याच्या गाडीत प्रयोगशाळेची चालपेटी बसवलेली होती. पायाची प्रत्येक हालचाल आणि त्या वेळी समोर काय दिसत होतं, दोन्ही तिनं टिपून ठेवलं होतं. त्यातून यंत्रानं जे शिकून घेतलं, त्याला शर्वरीनं नाव दिलं होतं 'पायठसा'. हा पायठसा महाराष्ट्रातल्या बारा हजार बिनचालक पिकअपमध्ये भरायचा होता.

"चाळणी कुठवर आली?" जहागीरदारांनी विचारलं.

चाळणी म्हणजे सोपं काम. दौलतच्या एकेका सवयीसह गाडी चालवायची, मग ती सवय काढून चालवायची. सवयीनं डिझेल वाचलं तर ठेवायची, वाया गेलं तर कायमची पुसायची.

"चाळीस झाल्या. एकेचाळीसावी अडलीये." शर्वरीनं नकाशा उघडला. "पाटणच्या पुढे वाघजाईवाडी. सरळ, सपाट रस्ता. तिथे एका घराच्या दीडशे मीटर आधी ते पाय उचलतात आणि पंधराच्या वेगानं घरंगळत जातात. पुन्हा वेग घ्यायला वीस मिली डिझेल जातं. आणि दहातल्या सहा वेळाच. चार वेळा सुसाट निघून जातात."

"वळण? शाळा? गुरं?"

"काहीच नाही."

"एवढा कंजूष माणूस वीस मिली कशाला उधळेल? नक्की काहीतरी वाचत असणार, आपल्याला दिसत नाहीये. बुधवारी तिथेच चाचणी घेऊ. तू आधी जाऊन बघून ये."

शर्वरी गेली. घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी घडघडत होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झालेली एक बाई पट्टा उतरवून बाहेर आली. दौलतची बायको, चंद्राबाई.

शर्वरीनं नकाशा दाखवला, विचारलं. चंद्राबाई पदरानं तोंड पुसत हसली. पीठ जास्तच पसरलं.

"अगं बाई, त्ये माझ्यासाठी व्हतं की! मी दारात आले की ह्ये गाडी हळू करायचे. थांबायचे न्हाईत. थांबलं की डिझेल जातं म्हनायचे. निस्तं बघायचे आन् जायचे. लगीन झाल्यापासनं आमचं निम्मं बोलनं असंच झालंय." मग तिनं हळूच विचारलं, "आता त्या बिनमानसाच्या गाड्या हितनं जातील, तवाबी हळू व्हतील का गं?"

शर्वरीला खोटं बोलता येईना. "काकू, बुधवारी मोजणार आहोत. हळू होण्यानं डिझेल वाचलं, तर सवय राहील. पण मग ती डिझेलसाठी होती, असं होईल. वाया गेलं, तर ती तुमच्यासाठीच होती. पण मग पुसली जाईल."

चंद्राबाईनं पदराचं टोक झटकलं. गिरणीतून पिठाचा ऊन वास येत होता.

"म्हंजे खरं निघालं तर जानार, आन् खोटं निघालं तर ऱ्हानार? कुठनं आणलास गं असला काटा?"

"नियम आहे, काकू."

"बरं. मग ह्ये सांग. हळू केल्यानं डिझेल वाचतं कवा?"

"पुढे अडथळा असला की. तुम्ही जोरात याल आणि ऐनवेळी ब्रेक माराल, तर आधी जाळलेल्या डिझेलची नुसती उष्णता होऊन जाते. आधीच पाय उचलला तर तेवढं डिझेल जळतच नाही. म्हणजे समजा, गतिरोधक असता..."

शर्वरी बोलता बोलता थांबली. चंद्राबाई रस्त्याकडे बघत होती. तिच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या होत्या.

"पोरी, च्या घेनार का? मला जरा सरपंचाकडं जायचंय. लई दिस झालं, नळ रस्त्याच्या पल्याड ऱ्हायलाय आमचा."

बुधवारी पिकअप वाघजाईवाडीत शिरली आणि जहागीरदारांचं डोकं छताला आपटलं.

चंद्राबाईच्या घरासमोर रस्ता आडवा खणून पाइप टाकला होता आणि वर मातीचा दणदणीत उंचवटा सोडला होता. पाइप टाकला की गावात असा उंचवटा राहतोच, तक्रार कोणी करत नाही. पण ह्या उंचवट्यावर पांढरे पट्टेही ओढले होते. जहागीरदारांनी खाली उतरून पट्ट्यावर बोट फिरवलं आणि हुंगलं.

"दीक्षित, हे तांदळाचं पीठ आहे."

"रांगोळी असेल सर."

"रस्त्याच्या मधोमध?"

"गावातले लोक हौशी असतात."

त्यांनी दारात उभ्या असलेल्या चंद्राबाईकडे पाहिलं. ती देवळात उभं राहावं तशी भाबडी उभी होती. मग ते म्हणाले, "रस्ता जसा असेल, तशी चाचणी. हाच आपला नियम. घ्या."

सवयीसह पाच फेऱ्या झाल्या, सवयीविना पाच. चंद्राबाई दहाही फेऱ्यांना दारातून हलली नाही. सवयीसह फेरीला अठरा मिली डिझेल वाचलं. एकेचाळीसावी सवय चाळणीतून पार झाली. आणि नऊ वर्षांच्या नोंदींत तर उंचवटा कुठेच नव्हता. म्हणजे सवयही राहिली आणि ती चंद्राबाईसाठीच होती हेही खरं राहिलं, तिला दोन्ही मिळालं.

महिन्याभरात पायठसा बारा हजार गाड्यांत भरला गेला. पहिली पिकअप वाघजाईवाडीवरून गेली, त्याच दुपारी शर्वरीचा फोन वाजला.

"अगं, तुजी गाडी धाडकन उडून गेली! हळूबिळू काय न्हाई! मी गिरनीतनं पळत आले तवर गेलीबी!"

शर्वरीनं नोंदी उघडल्या. गाडीनं उंचवटा ओळखला होता, पण शेवटच्या क्षणी, कुठलीही गाडी ओळखेल तसा. दौलतसारखा दीडशे मीटर आधी पाय उचललाच नव्हता. तिनं पायठशाचं आतलं जाळं तपासलं. ही सवय नेमकं काय बघितल्यावर जागी होते? रस्त्यावरची ती जागा नव्हती. उंचवटा तर नव्हताच. नऊ वर्षांत ज्या ज्या वेळी पाय उचलला, त्या प्रत्येक चित्रात एकच गोष्ट होती.

"काकू, तुम्ही दारात नव्हतात."

"गिरनी चालू व्हती ना!"

"दौलतकाका असते तर त्यांनी हळू केली असती?"

पलीकडची घडघड थांबली. मग अगदी बारीक आवाज आला. "न्हाई. गिरनीचा आवाज आला की सरळ जायचे. लाइट गेली असली तरच मी दारात."

दहातल्या सहा वेळा. भारनियमनाचं प्रमाणही तेवढंच होतं. शर्वरी हसली. आणि एकदम खुर्चीत सरळ बसली. सवय घराला बांधलेली नव्हती, रस्त्यालाही नव्हती. चंद्राबाईला बांधलेली होती. आणि पायठसा बारा हजार गाड्यांत होता.

"काकू, तुम्ही एवढ्यात कुठे बाहेरगावी जाणार नाही ना?"

"गुरवारी कराडला जायचंय. जात्याचे दगड गुळगुळीत झालेत, त्यास्नी टाकी लावून घ्यायला."

गुरुवारी सकाळी अकरा वाजता कराडच्या बाजार समितीसमोर वाहतूक तुंबली. हवालदार शिट्टी फुंकून लाल झाला. भाजीच्या एकोणचाळीस पिकअप, एकीतही माणूस नाही, आणि एकामागून एक सगळ्यांनी पाय उचललेला. इंजिनं गप्प. गाड्या पंधराच्या वेगानं घरंगळत येत होत्या. रस्त्याच्या कडेला, पायाशी पोत्यात जात्याचे दोन दगड ठेवून एक पांढुरकी बाई उभी होती.

पहिली गाडी तिच्यासमोरून गेली. दुसरी गेली. ती रिकाम्या सीटकडे बघत राहिली. पाचव्या गाडीला तिनं पदर डोक्यावर घेतला.

"अगं ए मावशे, सरक की बाजूला!" हवालदार ओरडला. "काय केलंस काय ह्या गाड्यांना?"

चंद्राबाईला ते ऐकूच आलं नाही. सहावी गाडी समोर आली तेव्हा ती वाकली आणि खिडकीतून आत, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"अहो, जावा की आता. मागं केवढी लाइन लागलीय."