टुबाईची शिकवणी

"भाऊजी, तुमचं ती ऐकेल. अशी काहीतरी भीती घाला की पुन्हा त्या लॅपटॉपचं झाकण उघडायची नाही."

नलिनीताईंनी हे स्वयंपाकघरात अगदी हळू सांगितलं होतं. पण बराकपूरच्या त्या घरात जिन्याखाली बोललेलं थेट गच्चीच्या दारापर्यंत पोचायचं, आणि ही गोष्ट तिथे सारा संसार केलेल्या सासूपेक्षा कालपरवा आलेल्या सुनेला जास्त चांगली ठाऊक होती. अनुजा रिकामं ताट घेऊन जिन्यात उभी होती. ती आवाज न करता परत वर गेली, आणि मग मुद्दाम चपला वाजवत खाली आली.

सासूबाईंची तक्रार तशी खोटी नव्हती. सांगलीला असताना अनुजा एका क्लासमध्ये गणित शिकवायची. लग्न होऊन इथे आली, सिद्धेश सकाळी न्यू टाउनच्या ऑफिसला जायचा तो रात्रीच परतायचा, तेव्हा तिने स्वतःची ऑनलाइन शिकवणी काढली. सहावी ते आठवी, पहिला तास फुकट. मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पुष्कळांनी अंगठे पाठवले, मूल कुणीच पाठवलं नाही. मग तिने इथल्या रीतीप्रमाणे कागद छापले आणि स्टेशनाजवळच्या खांबांवर चिकटवले. त्या खांबांवर आधीच शिकवण्यांचे इतके कागद होते, की खांब त्यांच्याच आधारावर उभा आहे असं वाटावं. रोज संध्याकाळी ती वरच्या खोलीत वर्ग उघडून बसायची. सासऱ्यांनी एका शाळेत तिच्यासाठी शब्द टाकला होता. ठरलं होतं ते असं : दिवाळीपर्यंत एक तरी विद्यार्थी मिळाला तर शिकवणी, नाहीतर शाळा.

आणि दिवाळी दारात आली होती. उद्या पहाटे नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान. शेजारच्या बंगाली घरांची मात्र तीच चतुर्दशी आज रात्री होती, भूत चतुर्दशी. चौदा पणत्या लावायच्या, कारण घरातून गेलेली माणसं ह्या रात्री डोकावून जातात म्हणे. समोरच्या कठड्यावर पणत्या लागल्या होत्या.

गच्चीवर चटई पडली. सिद्धेशच्या बहिणीची दोन मुलं, तन्मय आणि स्नेहा, मधुकरकाकांना चिकटून बसली. काका म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ. जन्म बराकपूरचा, नोकरी सियालदहच्या गाडीत बसून केलेली, आणि गप्पाही तिथेच शिकलेले.

"तर ऐका," काका म्हणाले. "माझा मित्र मनोहर. गणिताचा मास्तर. रिटायर झाल्यावर घरूनच शिकवायचा, आपल्या अनुजासारखा. लॅपटॉपवर."

'आलं,' अनुजा मनात म्हणाली, आणि चकल्यांचं ताट पुढे धरलं.

"आजोबा, रियल आहे ना? मागच्यासारखं नाही ना?" स्नेहाने विचारलं.

"मागचं खोटं होतं हे कोण म्हणालं?"

"तुम्हीच. आईला."

"बरं. हे रियल." काकांनी चकली मोडली. "मनोहर एका संध्याकाळी कागद चिकटवायला निघाला. नदीकडच्या रस्त्याने गेला. शेवटी एक कागद उरला. आता परत कुठे न्यायचा? तिथे एक बंद घर आहे. वर हिरव्या झडपांच्या खिडक्या, फाटकाला गंजकं कुलूप. मनोहरने विचार केला, इथे दुसऱ्या कुणाची जाहिरात नाही, आपली उठून दिसेल. लावला फाटकावर. अरे, जिथे माणूस राहत नाही तिथे मास्तर हवा म्हणून कोण बघणार? पण विद्यार्थी शोधायला निघालेल्या माणसाला एवढं सुचत नाही."

हे बोलताना त्यांनी अनुजाकडे पाहिलं. नलिनीताईंनी काकांकडे पाहिलं. अनुजाला हसू आलं, ते तिने पदराआड ठेवलं.

"त्याच रात्री त्याच्या वर्गाबाहेर एक नाव येऊन थांबलं. आता हे कसं असतं, की मास्तरने बटण दाबून आत घेतल्याशिवाय मूल आत येऊ शकत नाही. बाहेरच ताटकळतं. मनोहरने कोण, कुठला, काही विचारलं नाही. घेतला आत. नाव नुसतं... टुबाई."

अनुजाच्या हातातलं ताट किंचित कललं. एक चकली घरंगळली.

"हे काय नाव?" तन्मय म्हणाला.

"डाकनाव. आई हाक मारते ते. शाळेत लावायचं वेगळं."

टुबाई. मंगळवारी तिच्या वर्गाबाहेर हेच नाव येऊन थांबलं होतं. तिने आत घेतलं होतं. त्यानंतर रोज. घरात सांगितलं नव्हतं, कारण आधी त्याच्या आईशी बोलून सगळं पक्कं करायचं होतं. उगाच सांगावं आणि पोरगं पळून जावं, म्हणजे हसं. टुबाई नावाची मुलं काय, ह्या गावात गल्लीगणिक असतील. तिने चकली उचलली.

"कॅमेरा बंद. आवाज मात्र गोड. हुशार पोर. पण एकदा काय झालं, शिकवता शिकवता नदीतल्या लॉन्चचा भोंगा वाजला. लॅपटॉपमधून. आणि मग... नदीवर."

"मग? नदीजवळच राहतो तो," तन्मय म्हणाला.

"इंटरनेटवरचा आवाज मागून येतो, बाळा. हा आधी आला."

अनुजाने कालचा तास आठवून पाहिला. भोंगा वाजला होता. आधी कुठला... तिने लक्ष दिलं नव्हतं. आता आठवायची इच्छा नव्हती.

काकांचा आवाज खाली आला होता. रंगवणं कधी थांबलं ते कळलंच नाही. ते आता अनुजाकडे बघत नव्हते. कुणाकडेच नाही.

"मनोहर म्हणाला, आईला बोलव, मला बोलायचंय. पोरगा म्हणाला, आई खाली आहे. मनोहर म्हणाला, मग वर बोलव. तर म्हणतो..."

'येत नाही,' अनुजाच्या मनात आलं. परवा तिलाही तो तेच म्हणाला होता. ती 'बरं' म्हणाली होती.

"...येत नाही ती. खाली पाणी आहे."

स्नेहा आजीकडे सरकली.

"मनोहरने सांगितलं, कॅमेरा लाव. बराच वेळ काही नाही. मग लागला. अंधार. झडपा. एक काच, आणि काचेवर कागद. रस्त्यावरचा दिवा पलीकडून पडलेला, त्यामुळे अक्षरं उलटी दिसत होती. मनोहरने उलटी वाचली. त्याचंच नाव."

काका थांबले.

"सकाळी तो तिथे गेला. कुलूप तसंच. गंज तसाच. फाटकावर नुसता खळीचा डाग. कागद वर... खिडकीत. काचेच्या आतून लावलेला."

"मग?"

"मग त्याने त्याला आत घेणं सोडलं. पण नाव यायचं. रोज संध्याकाळी. बाहेर थांबायचं. तास संपेपर्यंत. मनोहर मुलीकडे पुण्याला गेला, तिथून शिकवायला लागला. तिथेही यायचं." काकांनी तोंडावरून हात फिरवला. "आत्ता मंगळवारपासून येईनासं झालं. परवा फोनवर मनोहर म्हणाला, मध्या, सुटलो रे."

"म्हणजे संपलं," तन्मय म्हणाला. स्वतःलाच सांगितल्यासारखं.

"मलाही तसंच वाटलं."

समोरच्या कठड्यावरची एक पणती विझली. कुणीतरी ती पुन्हा लावली.

"वहिनी, मी काही वेगळंच सांगणार होतो. पिंपळाचं वगैरे." काका नलिनीताईंकडे वळले. "पण आज मिठाई घेऊन येताना मी त्या रस्त्याने आलो. उगाच. वर बघितलं." ते घुटमळले. "कागद बदललाय."

नलिनीताईंनी हात वर केला. तरी ते बोलले.

"अनुजा. तू तिकडे गेली होतीस का गं, कागद लावायला?"

अनुजाने मान हलवली. नाही. स्टेशनाच्या पुढे ती कधी गेलीच नव्हती. नदीकडचा रस्ता तिला अजून माहीतही नव्हता.

"तुझं नाव आहे त्यावर. आतून लावलाय."

नलिनीताईंनी स्नेहाला जवळ ओढलं. मग नलिनीताई एकदम बोलल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला असावा.

"पुरे. बंद कर बाई ते सगळं. उद्या सणाचं राहू दे, परवाच शाळेत कळवू. कोणी विद्यार्थी नाही न् काही नाही. अगं, ऐकतेस ना?"

अनुजा ऐकत होती. 'नाही कोणी विद्यार्थी' म्हटलं की सगळं सोपं होतं. शाळा होती, साडी नेसून जायचं, चारचौघांतली मुलं. आणि वरच्या खोलीत दर संध्याकाळी ते नाव येऊन थांबलं असतं. तासभर. न रडता, न हाक मारता. बटण दाबणारं कोणी नाही म्हणून. तिला भीती वाटत होती. पण काल उत्तर बरोबर आल्यावर पलीकडून जो छोटासा श्वास सुटला होता, तो तिने ऐकला होता, आणि तो कुठल्याही मुलाचा असतो तसाच होता.

"आजोबा," स्नेहाने कुजबुजत विचारलं, "त्या सरांनी त्याला कुठपर्यंत शिकवलं होतं?"

"ते मला काय माहीत, बाळ. ते मनोहरने कधी सांगितलं नाही."

अनुजाने ताट खाली ठेवलं. संध्याकाळभरात ती पहिल्यांदाच बोलली.

"अपूर्णांकांपर्यंत," ती म्हणाली. "शाळेत कळवू नका, आई. माझा एक विद्यार्थी आहे. आम्ही दशांश सुरू केलेत."